गुणदान-योजनेतील ‘रीत’

गणिताच्या उत्तरपत्रिका तपासण्यात मतभेदास जागा नाही, असा एक समज रूढ आहे. निबंधास दोन परीक्षक निराळे गुण देतील. परंतु गणिताचे उत्तर एक तर बरोबर असते किंवा चूक, असे त्यामागील गृहीत असते. ह्या समजास १९१३ साली स्टार्च आणि एलियट ह्या अमेरिकन संशोधकांनी मोठाच धक्का दिला. भूमितीची एकच उत्तरपत्रिका त्यांनी शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरांपैकी दिलेले गुण तिसांच्या खालपासून नव्वदांच्या वरपर्यंत पसरले. उत्तरपत्रिका एकच होती. भेद होता तो ती वाचणारांत. म्हणून हा प्रश्न जितका गणिताचा तितकाच वाचनाचाही आहे, आणि भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

इंग्लंडमध्ये १९५१ पासून चालत आलेल्या ‘ए लेव्हल’ परीक्षेतील गणिताची गुणदान-योजना ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तीत गुणांचे मुख्यतः तीन प्रकार मानतात : योग्य रीतीबद्दल ‘एम्’, त्या रीतीने अचूक फल काढल्याबद्दल ‘ए’, आणि रीतीवर अवलंबून नसलेला ‘बी’. रीतीचा गुण गेला की तिच्यावर आधारलेला अचूकतेचा गुणही जातो. आकडेमोड चुकली तरी रीतीचा गुण मात्र राहतो.

एक उदाहरण घेऊ. य = क्ष³ − ४क्ष ह्या वक्राची क्ष = २ येथील स्पर्शिका काढावयाची आहे. विकलज ३क्ष² − ४, त्याची तेथील किंमत ८, म्हणून स्पर्शिका य = ८क्ष − १६. समजा, प्रश्नास पाच गुण आहेत : तीन रीतीचे (विकलन, किंमत घालणे, समीकरण मांडणे) आणि दोन अचूकतेचे (विकलज, अंतिम उत्तर). एका विद्यार्थ्याने विकलज ३क्ष² − ४क्ष असा लिहिला व पुढील पायऱ्या यथास्थित केल्या. त्यास तीन गुण मिळतील. एका चुकीपायी त्याचे सारे श्रम वाया जात नाहीत, हे न्याय्यच आहे.

परंतु ‘विकलनाची रीत’ कशास म्हणावे? योजनेत तिचा निकष बहुधा असा असतो : किमान एका पदात घातांक एकाने कमी झालेला दिसला पाहिजे. हा आकलनाचा निकष नव्हे, चिन्हाचा आहे. काही न समजता घातांक उतरविणारासही तो गुण मिळेल. तथापि ह्याबद्दल योजनेस दोष देणे मला योग्य वाटत नाही. परीक्षकासमोर विद्यार्थ्याचे मन नसते, कागद असतो. आणि हजारो कागद अनेकांनी एकाच प्रकारे वाचावयाचे, तर निकष दिसणाऱ्या खुणेवरच बेतला पाहिजे.

दोष आहे तो अन्यत्र. दुसऱ्या विद्यार्थ्याने केवळ ‘य = ८क्ष − १६’ एवढेच लिहिले. उत्तर निर्दोष आहे. रीत दिसत नाही. येथे ‘रीत दाखविली नाही’ म्हणून गुण कापणे प्रश्नाच्या शब्दांवर अवलंबून असले पाहिजे. प्रश्न ‘काढा’ म्हणत असेल, तर विद्यार्थ्याने आज्ञा पाळली आहे. ‘सविस्तर कारणे दाखवून काढा’ म्हणत असेल, तर पाळलेली नाही. गणकयंत्रे समर्थ झाल्यापासून तेथील काही प्रश्नपत्रिकांत अशी सूचना स्पष्टपणे छापली जाते, हे योग्यच झाले. ‘यावरून’ आणि ‘यावरून किंवा अन्य रीतीने’ ह्यांतील भेदही असाच आहे : पहिल्यात आधीचे फल वापरण्याची सक्ती, दुसऱ्यात मुभा. दोन शब्दांवर कित्येक गुण तोललेले असतात.

एकवाक्यता साधण्याची साधने आता पुष्कळ आहेत. गुण आधीच ठरविलेली उत्तरे परीक्षकाच्या नकळत त्याच्या कामात मिसळतात, आणि तो फार ढळल्यास त्यास थांबवितात. परंतु अशाने परीक्षक योजनेशी एकनिष्ठ आहे एवढेच कळते. योजना विद्यार्थ्याशी न्यायाने वागते की नाही, हे कळत नाही. सर्व परीक्षक एकच अन्याय सारख्याच काटेकोरपणे करू शकतात.

तात्पर्य, जी अट प्रश्नात नाही ती गुणदान-योजनेत असू नये. प्रश्नपत्रिका व योजना ही एकाच कराराची दोन अंगे आहेत. पण विद्यार्थ्याच्या हाती परीक्षागृहात त्यांतील एकच असते. त्याचा विद्यापीठप्रवेश ज्या वाक्यावर ठरावयाचा, ते वाक्य त्याला आधी वाचावयास मिळाले पाहिजे.