गुलाम, बंधू आणि शेजारी

वरळीच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या चाळींच्या वरळीत १२१ इमारती होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. याच चाळींच्या आवारात ५ जानेवारी १९७४ रोजी दलित पँथरची सभा झाली, दगडफेक झाली आणि दंगल उसळली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव या तरुणाने प्राण गमावले. १९७२ साली स्थापन झालेल्या या संघटनेने आपले नाव अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. समुद्रापलीकडच्या गुलामीचा प्रश्न वरळीच्या जिन्यापर्यंत आला कसा, याचा शोध घेताना तीन पुस्तके समोर येतात.

पहिले हॅरिएट बीचर स्टो यांचे ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२). पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा अमेरिकेत १८५० साली झाला. त्याला हे उत्तर होते. कादंबरीत एक सिनेटर अशाच कायद्याच्या बाजूने मत देऊन घरी येतो आणि त्याच रात्री लहान मुलाला कवटाळून पळालेली एलायझा त्याच्या दारात उभी राहते. तो स्वतः तिला सुरक्षित स्थळी पोहोचवतो. सदसद्विवेक कायद्याहून श्रेष्ठ आहे, हा राजकीय विचार या एका प्रसंगात सामावला आहे. परंतु लेखिकेची करुणा एका जागी थबकते. मुक्त झालेल्या जॉर्ज हॅरिसला ती अखेरीस आफ्रिकेत लायबेरियाला पाठवते. गुलाम मुक्त व्हावा, पण तो आपला शेजारी होईल काय, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नाही.

दुसरे पुस्तक जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ (१८७३). गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना ते अर्पण केले आहे. रूढ अर्थाने ही कादंबरी नव्हे. जोतीराव आणि धोंडीबा यांचा तो कल्पित संवाद आहे. गुलामी पवित्र मानलेल्या कथांच्या बळावरही टिकते, हे ओळखून फुले अवतारांच्या कथा बळीराजाच्या प्रजेच्या बाजूने पुन्हा सांगतात. धोंडीबा शंका विचारतो आणि त्या विचारण्यातच त्याची मुक्ती सुरू होते. मात्र कलाकृती म्हणून पाहता धोंडीबाला स्वतःचे घरदार, स्वतःचे दुःख नाही. तो प्रश्नापुरताच उरतो.

ती उणीव बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहात भरून काढली. शीर्षककथेतील तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि जात लपवून भाड्याने राहतो. राज्यघटनेने अस्पृश्यता संपवली आहे. तरीही जात उघड होताच, कवी म्हणून त्याचा मान ठेवणारेच त्याला मारतात. काशीनाथ धावून येतो म्हणून तो वाचतो. आपल्याला मारले ते या माणसांनी नव्हे, तर मनूने, असे त्या तरुणाला वाटते. मारणाऱ्यांवरील सूड आणि व्यवस्थेवरील राग यांतील भेद बागुल इतक्या थोड्या शब्दांत दाखवतात, की स्टो यांची कादंबरी त्यापुढे पाल्हाळिक वाटते. स्टो यांनी अनुत्तरित ठेवलेला शेजाराचा प्रश्न बागुलांनी कथेच्या केंद्रस्थानी आणला, हे त्यांचे मोठेपण होय.

फुले ‘गुलामगिरी’त येशू ख्रिस्ताला बळीराजाच्या मालिकेत बसवतात. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो. पण तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. पाचवे निकोलस या परमगुरूंनी १४५२ साली पोर्तुगीज राजाला अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मुभा दिली. तिसरे पॉल यांनी १५३७ साली मूळ अमेरिकनांना दास करण्यास मनाई केली. दोन्ही आज्ञा एकाच ख्रिस्तसभेच्या. पोर्तुगीज गोव्यातील श्रीमंत घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते, आणि ती घरे मिस्सेला जाणाऱ्यांची होती.

तरीही या प्रश्नाचे उत्तर आपल्याच ग्रंथात आहे. संत पौल फिलेमोनला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात त्याचा दास अनेसिम याला परत पाठवतो आणि त्याला दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे अशी विनंती करतो. गुलामीची संस्थाच मोडावी असे पौल म्हणत नाही. ही त्या पत्राची मर्यादा. पण ज्या घरातून अनेसिम पळाला त्याच घरात तो बंधू म्हणून परतावा, असा त्याचा आग्रह आहे. स्टो यांना जे साधले नाही ते या पत्रात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता का आवश्यक मानली, तेही यावरून उमगते.

म्हणून बागुलांची ही कथा आपल्या घरांत वाचली जावी. मुलामुलींची सोयरीक ठरवताना किंवा खोली भाड्याने देताना आपणही हलक्या आवाजात मूळ कूळ विचारतो. त्या क्षणी अनेसिम दारात उभा असतो, आणि त्याच्या हातातील पत्र आपल्याच नावे लिहिलेले असते.