‘शेतीचं उत्पन्न करमुक्त’ : एका सोप्या वाक्याची समीक्षा

पिंपळगाव बसवंतमध्ये इन्कम टॅक्सबद्दल कुणालाही विचारा, एक वाक्य हमखास मिळेल : शेतीचं उत्पन्न करमुक्त. तीन शब्द, क्रियापदसुद्धा नाही. द्राक्षबागायतदार ते म्हणतो, टोमॅटोच्या लिलावाला उभा असलेला व्यापारी म्हणतो आणि हिंजवडीत नोकरी करणारी त्यांची पोरंही म्हणतात. सरकारी नियम सोप्या भाषेत कसा सांगावा याचा याहून यशस्वी नमुना माझ्या माहितीत नाही. म्हणूनच एखाद्या कवितेची ओळ तपासावी तसं हे वाक्य तपासावंसं वाटलं. कारण ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकं त्यालाच ते फसवतं.

तो कोण? तर ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि ज्याला पगारही आहे. निफाड तालुक्यात असे तिशीच्या आतबाहेरचे इंजिनिअर, शिक्षक, बँकेतले, औषध कंपन्यांतले किती आहेत ते तुम्हीच तुमच्या वर्गमित्रांवरून मोजा. (जमीन वडिलांच्या नावावर असेल, बागही तेच पाहत असतील आणि त्यांना दुसरं उत्पन्न नसेल, तर हे वाक्य त्यांच्यापुरतं खरं आहे. पुढचं त्यांनी नाही वाचलं तरी चालेल.)

या मंडळींना आणखी एक वाक्य पाठ आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ते प्रत्येकाच्या फोनवर आलं : १२ लाखांपर्यंत कर नाही. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजार. तेही सोपं, तेही लक्षात राहणारं. आता ही दोन वाक्यं एकाच माणसाला लावून बघू. पगारातून वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १२ लाख. द्राक्षांतून औषधं, मजुरी, खतं वजा जाता हाती ६ लाख. पहिलं वाक्य म्हणतं, ६ लाखांवर कर नाही. दुसरं म्हणतं, १२ लाखांवर कर नाही. शून्य अधिक शून्य.

कायदा मात्र असा हिशेब करतो. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे नव्या करप्रणालीत ४ लाखांच्या वर असेल, तर आधी दोन्हींची बेरीज करायची. १८ लाख. त्यावर २०२५-२६ च्या दरांनी कर येतो १ लाख ६० हजार. मग शेतीच्या ६ लाखांत ते ४ लाख मिळवायचे. १० लाख. त्यावरचा कर ४० हजार. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात १ लाख २० हजार. १२ लाखवाल्यांना मिळणारी सवलत जास्तीत जास्त ६० हजारांची, ती वजा करा. उरले ६० हजार, वर ४ टक्के उपकर. भरायचे ६२ हजार ४००.

बाग नसती तर याच माणसाचा कर शून्य होता.

यात फसवणूक नाही, छुपा डावही नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राला कर लावता येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तो विषय राज्यांकडे आहे. पण १९७२ साली के. एन. राज समितीने शेतीतल्या उत्पन्नाचा आणि संपत्तीचा विचार करताना आंशिक एकत्रीकरणाची वाट सुचवली : शेतीच्या उत्पन्नावर कर लावू नका, पण बाकीच्या उत्पन्नाला कोणता दर लागेल हे ठरवताना ते मोजा. पगार १२ लाख असणारा आणि पगार १२ लाख अधिक बाग असणारा हे दोघे सारखे नाहीत, असा त्यामागचा साधा तर्क. १९७३ च्या वित्त अधिनियमात तो आला आणि आजवर टिकला. मला तो तर्क पटतो. माझी तक्रार त्याच्या लिहिण्याबद्दल आहे.

मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे हा नियम मला तीन ओळींचं फंक्शन म्हणून लगेच समजला. बेरजेवरचा कर काढ, शेती अधिक मर्यादेवरचा कर काढ, वजा कर. तीन ओळींचा नियम पन्नास वर्षं लोकांपर्यंत का पोचत नाही? एक कारण त्याचा पत्ता. हा हिशेब आयकर कायद्याच्या मुख्य मजकुरात नव्हताच. तो दरवर्षीच्या वित्त अधिनियमात आणि त्याच्या अनुसूचीत ठेवला गेला. मूळ कायदा प्रामाणिकपणे उघडून वाचणाऱ्याला शेतीचं उत्पन्न एकूण उत्पन्नात धरायचं नाही एवढंच सापडणार, आणि तो समाधानाने पुस्तक मिटणार.

दुसरं कारण नावांचं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. शेतीचं उत्पन्न ५ हजारांच्या वर असलं की विवरणपत्र क्रमांक १ चालत नाही. धंदा नसलेल्या पगारदाराने क्रमांक २ भरायचं. त्यात एक ओळ इंग्रजीत आहे, तिचा अर्थ साधारण ‘दराच्या कारणासाठी निव्वळ शेती उत्पन्न’ असा होतो. सगळा नियम ‘दराच्या कारणासाठी’ या शब्दांत कोंबलेला. ज्याला नियम ठाऊक आहे त्याला ते पुरतात, ज्याला नाही त्याला काहीच सांगत नाहीत. पुढे कर मोजायच्या तक्त्यात त्याहून नवल आहे. वरच्या उदाहरणात जे ४० हजार वजा झाले, त्या ओळीचं नाव आहे : शेती उत्पन्नावरची सूट. सूट! बाग नसती तर ज्याला एक रुपयाही भरावा लागला नसता, त्याला तक्ता सांगतो की शेतीमुळे तुला ४० हजारांची सूट मिळाली. हिशेबाच्या दृष्टीने शब्द बरोबर आहे. वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो उलटा आहे.

आता नवा कायदा आला आहे. आयकर अधिनियम, २०२५ ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन तो लागू झाला. विधेयक मांडताना सरकारने दिलेले आकडे दांडगे होते. शब्द ५ लाख १२ हजारांवरून सुमारे २ लाख ६० हजारांवर. कलमं ८१९ वरून ५३६. सूत्रं ६ होती, ती ४६ झाली. तक्ते १८ चे ५७. ‘परंतु आणखी असे की’ छापाची शेकडो परंतुकं काढून टाकली. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ ही जोडगोळी जाऊन एकच ‘कर वर्ष’ आलं. या शेवटच्या बदलासाठी मी मसुदा लिहिणाऱ्यांना मनापासून दाद देतो. ज्या वर्षी कमावलं त्याला ‘मागील’ म्हणायचं, हे मला कॉलेजातल्या कुठल्याही विषयापेक्षा अवघड गेलं होतं.

तरी हा मुख्यतः घर झाडण्याचा कार्यक्रम आहे. ब्रिटनने १९९० च्या दशकात असाच करकायदा पुन्हा लिहायला घेतला, २०१० पर्यंत एकेक करून कायदे नव्या इंग्रजीत आणले. वाक्यं सुटसुटीत झाली, पानं मात्र वाढली, कारण धोरण बदलायचं नाही ही अट होती. आपल्याकडेही भाषा बदलली, गुंतागुंत बहुतांश तीच राहिली. शिवाय कायदा वाचतो कोण? वकील, सीए, अधिकारी. पिंपळगावचा माणूस वाचतो तो मेसेज, नोटीस आणि फॉर्मची ओळ.

लोकांसाठी म्हणून खात्याने काय केलं, तर ११ जून २०२२ ला पणजीत अर्थमंत्र्यांच्या हस्ते ‘साप, शिडी आणि कर’ नावाचा पटावरचा खेळ आणला, मोटू-पतलूची कॉमिक्स आणली. चांगल्या सवयीला शिडी, वाईट सवयीला साप. मुलांसाठी ते ठीक आहे. पण त्यात कर भरणं हा सद्गुण आहे, हिशेब नव्हे. पुढे हीच मुलं पंचविशीची होतात, बाग आणि पगार दोन्ही नावावर येतात, तेव्हा कुठली शिडी चढायची हे त्या पटावर नसतं.

तुलनेला एक कागद घेतो. बाजार समितीत माल विकल्यावर मिळणारी हिशेब पट्टी. वर शेतकऱ्याचं नाव आणि गाव. मग माल, वजन, भाव, रक्कम. खाली कपात : हमाली, तोलाई, आणखी काही असेल ते. शेवटच्या ओळीत निव्वळ देय. तिची छपाई फिकट असते, अक्षर कधी लागत नाही, पण शाळा सोडलेला माणूसही तिच्यावर भांडू शकतो. तोलाई जास्त लावली, असं बोट ठेवून सांगू शकतो. माझ्या मते चांगल्या सार्वजनिक कागदाची कसोटी हीच : वाचणाऱ्याला त्यावर बोट ठेवून भांडता आलं पाहिजे.

आयकर खात्याचा एक कागद या कसोटीच्या बराच जवळ जातो, हे कबूल करायला हवं. विवरणपत्र भरल्यावर कलम १४३(१) खाली येणारी सूचना. दोन रकाने : तुम्ही सांगितलेलं आणि आम्ही मोजलेलं. आकडे शेजारी शेजारी. फरक कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. तो का आहे हे शोधायचं काम बऱ्याचदा वाचकाकडे राहतं, पण भांडायला जागा सापडते. शिवाय १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर संगणकाने दिलेला दस्तऐवज क्रमांक बंधनकारक झाला. तो पोर्टलवर टाकून नोटीस खरी की खोटी हे लॉगिन न करता तपासता येतं. व्हॉट्सॲपवर कुणी नोटीस पाठवली तर घाबरण्याआधी एवढं करा.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘उच्च मूल्याचे व्यवहार’वाले मेसेज. बचत खात्यात वर्षभरात मिळून १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँकेला ती माहिती खात्याला कळवावी लागते. कांद्याचे पैसे रोखीत मिळाले आणि बँकेत टाकले, की आकडा सहज ओलांडतो. तो गुन्हा नाही. पण मेसेज व्यवहार झाला एवढंच म्हणतो आणि पोर्टलवर या म्हणतो. तुमचे पैसे शेतमालाचे असतील तर हिशेब पट्ट्या जपून ठेवा आणि उत्तरात तसं सांगा, हे एक वाक्य त्यात असतं तर किती जणांची झोप वाचली असती. खात्याला बाजार समिती ठाऊकच नाही असं नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून वर्षाला १ कोटीच्या वर रोख काढल्यास २ टक्के करकपात लागू झाली, आणि त्याच महिन्यात, २० सप्टेंबरला, शेतकऱ्यांना पैसे चुकते करण्यासाठी रोख काढणाऱ्या बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांना आणि अडत्यांना अधिसूचना काढून त्यातून वगळलं. व्यापाऱ्यांची अडचण वीस दिवसांत ऐकू गेली.

भाषेचा प्रश्न अर्थातच आहे. केंद्राच्या अधिसूचना हिंदी आणि इंग्रजीत निघतात. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतल्या अधिकृत अनुवादांसाठी १९७३ चा स्वतंत्र कायदा आहे. पण नुसत्या मराठीने काम होईल असं मला वाटत नाही. ‘निर्धारिती’ हा शब्द देवनागरीत आहे म्हणून तो निफाडात कळत नाही. सातबारा, फेरफार, बागायत, जिरायत हे शब्द कळतात, कारण त्यांच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. गंमत म्हणजे शेतीचं उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की विवरणपत्रही असंच बोलायला लागतं : जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की भाडेपट्ट्याची, ओलिताची की पावसावरची. तिथे कुणाला सीए लागू नये. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तेवढा २.४७ चा गुणाकार आपण करायचा.

पिंपळगावला हा विषय आत्ता जास्त लागू आहे, कारण इथली ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली. नळपट्टी, घरपट्टी, रस्ते, निवडणूक यांची चर्चा चौकाचौकात झाली. पण आयकर कायद्यात एक तरतूद आहे : १० हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात असलेली शेतजमीन ‘ग्रामीण शेतजमीन’ राहत नाही. ग्रामीण शेतजमीन विकली तर तिच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नसतो. नगरपालिका हद्दीतली विकली तर असतो, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सध्या १२.५ टक्के. लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीबाहेरही २ किलोमीटरपर्यंत तेच, आणि हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजायचं. सुटकेची वाटही आहे : आधीची दोन वर्षं जमीन कसली असेल आणि विकल्यावर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर गुंतवलेल्या रकमेपुरती सूट मिळते. ही सूट खरोखरची.

नगरविकास खात्याने एक अधिसूचना काढली आणि आयकर खात्याचं एक अक्षरही न बदलता बांधावरच्या माणसाचा नियम बदलला. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही डिपेंडन्सी म्हणतो. एका टीमने बदल केला की दुसऱ्या टीमला कळवायचं असतं, निदान बदलांच्या यादीत एक ओळ टाकायची असते. इथे नियम आयकर कायद्यात, हद्दीचा नकाशा नगरपरिषदेत, सातबारा महसूल खात्यात. द्राक्षाची तीच बाग, तेच मांडव, तीच पट्टी. विकायला काढली तर प्रश्न एवढाच, की नव्या हद्दीची रेषा बागेपासून सरळ किती अंतरावर आहे. मोजणी करून घ्यायची तर ती सौद्याच्या आधी.