भाव हलत नाही, म्हणून शेअर सुरक्षित?

लघुप्रबंधासाठी छोट्या कंपन्यांचे शेअर निवडणारे बरेच जण शेवटी एकाच निष्कर्षावर येतात: 'व्यवहार कमी, चढउतार कमी, म्हणून जोखीम कमी.' तुमच्या आराखड्यात असं वाक्य असेल, तर मार्गदर्शकांकडे जाण्याआधी ते एकदा तपासून घ्या.

आधी शेअर बाजूला ठेवू. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे होतात, त्यामुळे कालच्या भावावरून आजचा अंदाज बांधता येतो. पण आष्ट्यात एखाद्या गल्लीत पाच वर्षांत एकही गुंठा विकला गेला नसेल, तर तिथला भाव 'स्थिर' आहे असं आपण म्हणतो का? नाही. आपण विचारतो, उद्या अडचणीत विकायला काढला तर गिऱ्हाईक कधी मिळेल आणि किती पाडून मागेल?

आता हेच आकड्यांत पाहा. वर्षात साधारण २५० सत्रं धरा. शेअरचा व्यवहार फक्त २० दिवस झाला आणि त्यातल्या १० दिवशी भाव पडला. बाकी २३० दिवस तुमच्या शीटमध्ये जुनाच भाव, म्हणजे परतावा शून्य. पडझडीचे दिवस झाले ४ टक्के. मागच्या आकड्यांवरून ९५ टक्के पातळीचं 'व्हॅल्यू ॲट रिस्क' काढलंत, तर उत्तर येईल शून्य! गणित बरोबर, पण अर्थ साफ चुकीचा. बीटाचंही तसंच: बाजार आज हलतो, शेअरचा सौदा आठवड्याने होतो, त्यामुळे बीटा खोटाच कमी दिसतो. डिमसन यांनी १९७९ मध्ये यावरच दुरुस्ती सुचवली होती.

मग विद्यार्थी अमिहुद यांच्या २००२ च्या मापाकडे वळतात: रोजच्या परताव्याचं केवळ मूल्य भागिले त्या दिवसाची उलाढाल, आणि त्याची सरासरी. माप सोपं आणि उपयोगी आहे, यात वाद नाही. पण मूळ पेपरचा नमुना वाचा. त्यात न्यूयॉर्क शेअर बाजारातले, वर्षात २०० हून जास्त दिवसांची माहिती असलेले आणि ५ डॉलरच्या वरचे शेअर आहेत. शिवाय उलाढाल शून्य असेल तर भागाकारच होत नाही, म्हणून तो दिवस गळतो. म्हणजे ज्या दिवशी विकणं अशक्य होतं, नेमका तोच दिवस हिशोबाबाहेर! दोष अमिहुद यांचा कमी, सूत्र उचलून अटी मागे ठेवणाऱ्यांचा जास्त.

मुंबईच्या एलसिड इन्व्हेस्टमेंट्सचं उदाहरण घ्या. या कंपनीकडे एशियन पेंट्सचे मोठे शेअर आहेत, तरी पडद्यावर भाव होता ३.५३ रुपये. त्या भावाला विकणार कोण? २९ ऑक्टोबर २०२४ ला बीएसईच्या खास लिलावात तो २,३६,२५० रुपयांवर गेला. इथे उडी वरच्या दिशेने होती, पण धडा दोन्ही दिशांना लागू आहे: शेवटचा छापील भाव म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत. नोव्हेंबरमध्ये हाच शेअर ३.३ लाखांवर जाऊन मग ५ टक्क्यांच्या खालच्या सर्किटला लागत घसरला. सलग दहा खालची सर्किटं म्हणजे सुमारे ४० टक्के तोटा, आणि शीट मात्र रोज सांगणार, 'आजचा तोटा ५ टक्केच.'

म्हणून तुमच्या प्रबंधात तीन गोष्टी वेगळ्या नोंदवा. व्यवहार न झालेले दिवस किती? सलग खालची सर्किटं जास्तीत जास्त किती? आणि बाहेर पडायला दिवस किती? समजा २,००० शेअर आहेत, रोज सरासरी १०० चा व्यवहार होतो आणि त्यातला चौथा हिस्सा तुम्हाला मिळतो, तर ८० दिवस लागतील. एका दिवसाची जोखीम मोजून त्या ८० दिवसांबद्दल काहीच कळत नाही.

यादीतून वगळलेल्या कंपन्याही नमुन्यात ठेवा. बुडालेल्यांना काढून टाकलंत, तर उरलेले सुरक्षितच दिसणार. असा निष्कर्ष उद्या कुणीतरी खरा मानून निवृत्तीचे पैसे लावेल, हे लिहिताना लक्षात असू द्या.