‘स्वामी’ कथेतील वेल

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या कथांवर नियतिवादाचा शिक्का सहज मारला जातो. ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ या रूपकात्मक कथेपुढे मात्र तो अपुरा पडतो. स्वामीपदाचा मान आहे, अन्नवस्त्राची ददात नाही. तरी मठाच्या भुयारी खोलीतून सुटका नाही. विषण्णतेने ग्रासलेल्या मनाची कोंडी या प्रतिमेत नेमकी उतरते. कथा कोणत्याही मनोविकाराचे नाव घेत नाही. म्हणूनच ही प्रतिमा एका निदानात बंदिस्त होत नाही. त्या खोलीत जोपासलेली वेल उजेडाकडे झेपावते, जोपासणारा आतच राहतो. सुटकेची हमी नसतानाही दुसऱ्या जिवाला प्रकाशाची वाट मिळवून देणे, एवढाच आशेचा अर्थ येथे उरतो. आणि तो थोडा नाही.