छायाचित्रकार आणि त्याचा प्रेक्षकवर्ग

कलावंताला रसिक हवा असतो, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, तिजविषयीं वाद घालण्याचें कारण नाहीं. वाद आहे तो रसिक मिळविण्याच्या मार्गाविषयीं. समाजमाध्यमांच्या द्वारें छायाचित्रकारानें आपला प्रेक्षकवर्ग कसा वाढवावा, याचे उपदेश हल्लीं पदोपदीं ऐकूं येतात : रोज एक चित्र द्या, अमुक वेळीं द्या, दुसऱ्यांच्या चित्रांची स्तुति करा म्हणजे ते तुमच्या चित्रांची करतील. हा उपदेश अगदींच निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एका प्रश्नाला त्यांत जागाच नाहीं. वाढतो तो चित्रकाराचा लौकिक, कीं त्याच्या चित्राचा आस्वाद? या प्रश्नाचा निकाल तत्त्वचर्चेपेक्षां एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून लवकर लागेल.

ब्रँडन स्टँटन यांचें उदाहरण असें आहे. शिकागो येथें रोख्यांचा व्यापार करणारे हे गृहस्थ नोकरी सुटल्यावर २०१० सालीं न्यूयॉर्कला आले, आणि तेथील दहा हजार रहिवाशांचीं छायाचित्रें घेऊन तीं नकाशावर मांडण्याचा संकल्प त्यांनीं केला. 'ह्युमन्स ऑफ न्यूयॉर्क' या नांवानें हीं चित्रें फेसबुकवर येऊं लागलीं. आरंभीं तीं नुसतींच चित्रें होतीं. पुढें त्यांखालीं त्या त्या व्यक्तीच्या तोंडचे दोन शब्द आले, मग दोन वाक्यें, मग सबंध हकीगत. आणि प्रेक्षकांची संख्या कोटीच्या पलीकडे गेली. त्यांचा पहिला ग्रंथ २०१३ सालीं निघाला, तो चित्रमालेच्याच नांवानें. २०१५ सालच्या ग्रंथाच्या नांवांत 'स्टोरीज' हा शब्द जोडला गेला. हा फरक आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

कारण हकीगत झांकून नुसतें चित्र पाहिलें, तर काय उरतें? मनुष्य मध्यभागीं, मागचा रस्ता धूसर, उजेड सौम्य. चित्र नेटकें असतें, परंतु बहुधा दुसऱ्यांदा पाहावेंसें वाटत नाहीं. याच्या शेजारीं जर्मनीचे ऑगस्ट सँडर यांचा १९२९ चा साठ चित्रांचा संग्रह ठेवावा. चित्राखालीं शेतकरी, नोटरी, बेकार मनुष्य, एवढीच ओळख. बाकीचें सर्व अंगावरचे कपडे, हातांची ठेवण आणि उभें राहण्याची तऱ्हा सांगते. सँडर यांचें चित्र स्वतः बोलतें. स्टँटन यांचें चित्र दुसऱ्याला बोलूं देतें. अनोळखी माणसाला चार घटकांत मनांतलें बोलावयास लावणें हा थोर गुण आहे. परंतु तो श्रवणाचा गुण आहे, दृष्टीचा नव्हे. प्रेक्षक मिळाला तो कथाकाराला; छायाचित्र हें त्या कथेच्या घराचें दार झालें.

याचा दोष माध्यमाला द्यावा, असें कोणी म्हणेल. माध्यम निर्दोष नाहींच. ऑक्टोबर २०१० मध्यें निघालेलें इन्स्टाग्राम ऑगस्ट २०१५ पर्यंत चौकोनी चित्रच घेत असे. २०१६ सालीं त्यानें चित्रें काळाच्या क्रमानें दाखविण्याची रीत मोडली. आणि २०२१ सालीं, आपण आतां केवळ छायाचित्रांचें स्थान राहिलों नाहीं, असें त्याच्या प्रमुखांनींच जाहीर केलें. भाड्याच्या जागेंत थाटलेला हा संसार आहे. घरमालक भिंती केव्हां हलवील याचा नेम नाहीं. त्या भिंतींच्या मापानें जो आपली कला बेततो, त्याला दरवेळीं नवें माप घ्यावें लागणार.

परंतु याच माध्यमाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. शिकागो येथें मुलें सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर या बाईंनीं आयुष्यभरांत लाखाहून अधिक छायाचित्रें घेतलीं, पण तीं क्वचितच कोणाला दाखविलीं. गोदामाचें भाडें थकल्यामुळें २००७ सालीं त्यांचा हा ठेवा लिलावांत गेला. एप्रिल २००९ मध्यें मायरबाई वारल्या, आणि त्याच वर्षीं त्यांतील कांहीं चित्रें घेणाऱ्यानें तीं फ्लिकरवर मांडतांच जगभर त्यांचा प्रेक्षक निर्माण झाला. वेळ साधणें नाहीं, परस्परस्तुति नाहीं. नुसतें चित्र पुरलें. मात्र यावरून अज्ञातवासाचा उपदेश कोणीं काढूं नये. जिवंतपणीं रसिक न भेटणें ही कलावंताची हानीच आहे.

तेव्हां आमचें म्हणणें एवढेंच : प्रेक्षक जरूर जमवावा, परंतु त्याला कशासाठीं बोलाविलें हें विसरूं नये. ऑक्टोबर २०२५ मध्यें स्टँटन यांनीं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकांतील जाहिराती उतरवून त्या जागीं आपलीं चित्रें व कथा मांडल्या. बोटाच्या एका हालचालीनें ज्या मुद्रा सरकून जात, त्यांच्यासमोर प्रवाशाला मान वर करून उभें राहण्याची संधि मिळाली. पंधरा वर्षें जमविलेल्या प्रेक्षकवर्गाचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाहीं. लोकांची संख्या कोणतेंहि यंत्र मोजील; त्यांतले किती जण चित्रापाशीं थांबले, याची काळजी मात्र छायाचित्रकारानेंच वाहिली पाहिजे.