ययाति
वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची महाभारतातील आख्यानावर आधारलेली मराठी कादंबरी (१९५९). ज्ञानपीठ पुरस्कारप्राप्त (१९७४). ययाती, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या आत्मनिवेदनांतून कथा उलगडते. मानव राजावर अनुरक्त झालेली शर्मिष्ठा ही असुरराज वृषपर्व्याची कन्या. तिच्या ठायी खांडेकरांनी निरपेक्ष प्रेमाचा आदर्श पाहिला. पण त्या भरात तिचे असुरत्व जवळजवळ पुसले गेले. चिनी कथाकार पू सुंगलिंग (१६४०–१७१५) याच्या अद्‌भुतकथांत माणसावर भाळणारी कोल्हीण वा प्रेतकन्या प्रेमातही परकीच राहते आणि त्यामुळेच त्या प्रेमाला हुरहुर लाभते. ती येथे नाही. तान्ह्या पूरूसह शर्मिष्ठा हस्तिनापूर सोडते, हा प्रसंग हृद्य खराच. परंतु तेथेही कारण सवतीचा मत्सर, असुरकुळ नव्हे.