जिंकल्यानंतरचा नायक

नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडले, की आपल्यापुरता नरकासुर मेला. मग अंघोळ, फराळ आणि दिवे. लहानपणापासून आपण ज्या गोष्टींवर वाढलो त्यांची घडणही अशीच सरळ असते. असुर बाहेर असतो, नायक त्याला मारतो, आणि नगरात दीपोत्सव होतो. नायक दुसऱ्या दिवशी सकाळी कसा उठला, उठला की नाही, हे आपण विचारीत नाही. गोष्ट तिथे संपलेली असते.

पण असुर नायकाच्या आतच असेल तर? किंवा बाहेरचा मेला आणि त्याची सावली आतच राहिली तर? गेल्या सत्तर वर्षांत इंग्रजीतील अद्भुतरम्य महाकथांनी हा प्रश्न फार जिव्हाळ्याने विचारला आहे. आपल्या घरातली कॉलेजात जाणारी मुले हजार-हजार पानांचे खंड मांडीवर घेऊन बसतात, तेव्हा वडीलमंडळी म्हणतात, “त्यात काय असणार? राक्षस आणि जादू!” राक्षस आणि जादू असतेच; पण त्याबरोबर असाही नायक असतो, की ज्याला अंथरुणातून उठणे हेच दिवसाचे मोठे युद्ध वाटते. अशीही नायिका असते, की जिच्या एका देहात तीन नावे नांदतात.

ह्यावर दोन मते ऐकू येतात. काहीजण म्हणतात, असल्या रडतराउतांना नायक म्हणावे तरी कसे? उलट काही तरुण वाचकांना वाटते, की नायक उदास असला म्हणजे तो आपोआप खोल झाला. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. औदासीन्य हा पराक्रमाला लागलेला कलंक नव्हे, तसा तो पराक्रमावर चढवायचा अलंकारही नव्हे. लेखकाने ते खरे दाखवले की नाही हे ओळखायला माझी एक साधी कसोटी आहे: विजयाच्या दुसऱ्या दिवशी नायकाचे काय होते? दुःख विजयाबरोबर बिनबोभाट पळून गेले, तर ते दुःख नव्हतेच. कथेत पेच हवा म्हणून ते आणून ठेवले होते.

ही कसोटी मी परक्या घरातून आणलेली नाही. महाभारतात दोन विषाद आहेत. अर्जुनाचा विषाद आपल्या तोंडी बसला आहे, कारण त्याला उत्तर मिळाले. हातपाय गळाले, धनुष्य निसटले, आणि उपदेश ऐकून तो उठला. पण दुसरा विषाद युधिष्ठिराचा, आणि तो युद्ध जिंकल्यानंतरचा आहे. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे त्याला कळते ते कर्ण पडल्यावर. राज्य हाती आलेले असताना तो वनात जायला निघतो. भाऊ समजावतात, द्रौपदी रागावते, व्यास आणि कृष्ण बोलतात, शरपंजरी भीष्म दीर्घ उपदेश करतात. आणि भीष्म गेल्यावर तो पुन्हा कोसळतोच. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व उलटून अश्वमेधिकपर्व उजाडले, तरी त्याचे दुःख हलत नाही. व्यासांना ठाऊक होते, की काही दुःखे उपदेशाने मिटत नसतात.

आता टॉल्किन ह्यांच्याकडे वळू. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्यांची महाकथा १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. हा लेखक १९१६ साली सोमच्या रणभूमीवर खंदकात राहिला होता, आणि १९१८ पर्यंत त्याच्या जिवलग मित्रांपैकी एक वगळता बाकी सारे गेले होते. त्याचा नायक फ्रोडो हा राजा नाही, योद्धा नाही. शायर नावाच्या सुखवस्तू मुलखातला एक बुटका गृहस्थ. जगाचा नाश करू शकणारी अंगठी मॉर्डॉरच्या ज्वालामुखीत टाकण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. त्या वाटेवर त्याचे मन कसे विझत जाते हे दाखवताना टॉल्किन मोठे शब्द वापरत नाहीत. सोबतचा सॅम त्याला जुन्या चांगल्या जेवणाची आठवण देतो. ते घडले होते एवढे फ्रोडोला माहीत असते, पण अन्नाची चव, पाण्याचा स्पर्श, वाऱ्याचा आवाज ह्यांपैकी काही आतून आठवत नाही. औदासीन्याचे ह्याहून अचूक वर्णन मला क्वचितच सापडले आहे. त्यात अश्रू नाहीत. जगाला असलेली चव नाहीशी झाली आहे, एवढेच.

आणि विजयानंतर? प्रथम हे लक्षात घ्या, की शेवटच्या क्षणी फ्रोडो अंगठी टाकत नाही. ती आपली म्हणून ठेवू पाहतो. ती नष्ट होते ती गॉलमच्या झटापटीत, फ्रोडोचे बोट घेऊन. तो घरी येतो. शायर पुन्हा बहरते. मेरी आणि पिपिन ह्या त्याच्या सोबत्यांचा गावात बोलबाला होतो. फ्रोडोला मात्र कोणी फारसे विचारीत नाही, आणि ते सॅमच्या मनाला लागते. ज्या दिवशी शत्रूचे पाते खांद्यात रुतले होते, त्या तारखेला दर वर्षी फ्रोडो आजारी पडतो. ज्या दिवशी कोळिणीने दंश केला, त्या तारखेलाही. सॅमच्या संसारात बाळ येणार म्हणून तो आपले दुखणे लपवतो. शेवटी तो समुद्रापार निघून जातो. एवढ्या मोठ्या विजयकथेचा शेवट लेखकाने नायकाला सुखात नांदवून केला असता, तर वाचकाने टाळ्याच वाजवल्या असत्या. टॉल्किन ह्यांनी ते केले नाही. माझ्या मते त्या महाकथेतले सर्वांत धैर्याचे पाऊल हेच आहे.

दुभंगलेल्या मनाचे चित्रही त्याच ग्रंथात आहे. गॉलम हा पूर्वीचा स्मीगल. वाढदिवसाच्या दिवशी अंगठीसाठी त्याने मित्राचा जीव घेतला आणि पुढे शेकडो वर्षे अंधारात काढली. रात्री सॅम अर्धवट जागा असताना त्या एकाच कंठातून दोन माणसे भांडताना ऐकतो: एक फ्रोडोला दिलेल्या वचनाची आठवण देणारा, दुसरा विश्वासघाताचा बेत करणारा. पुढे डोंगराच्या जिन्यावर फ्रोडो झोपलेला असताना गॉलम हळूच त्याच्या गुडघ्याला हात लावू पाहतो. क्षणभर तो एक थकलेला, कंगाल म्हातारा दिसतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. दार उघडता उघडता बंद होते. सॅम वाईट नाही. तो दमलेला आहे, धन्याच्या काळजीने संशयी झाला आहे. आपल्या घरांतूनही दारे अशीच बंद होतात, दुष्टपणाने नव्हे, दमल्यामुळे.

उर्सुला ले ग्विन ह्यांनी १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये हाच प्रश्न फार थोड्या पानांत मांडला. गेड हा बुद्धिमान पण गर्विष्ठ मुलगा. जादूच्या शाळेत दुसऱ्या विद्यार्थ्यापुढे आपले सामर्थ्य मिरवण्यासाठी तो मृताला बोलावतो, आणि त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते. फट मिटवताना वृद्ध महागुरू प्राणास मुकतात. गेडच्या गालावर व्रण राहतात आणि मनावर त्याहून खोल. तो पळत राहतो, सावली पाठलाग करते. मग पहिले गुरू ओगियन त्याला सांगतात, की पळू नकोस, उलट फिर. अखेर समुद्राच्या टोकाशी गेड त्या सावलीला नावाने हाक मारतो, आणि ते नाव त्याचे स्वतःचेच असते. इथे लढाई नाही, वध नाही, ओळख आहे. आणि ह्या शेवटच्या प्रवासात होडीत त्याच्याबरोबर त्याचा मित्र व्हेच बसलेला असतो. सावलीला सामोरे गेडनेच जायचे. पण होडीत दुसरे माणूस असावे लागते, हे ले ग्विन विसरल्या नाहीत.

आजच्या तरुण वाचकांचा लाडका लेखक ब्रँडन सँडरसन. त्याच्या ‘द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ ह्या मालेचा पहिला खंड ‘द वे ऑफ किंग्ज’ २०१० साली आला. नायक कॅलडिन शस्त्रवैद्याचा मुलगा. सक्तीने सैन्यात नेलेल्या धाकट्या भावाला वाचवण्यासाठी तो स्वतः सैन्यात जातो आणि भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत मरतो. पुढे विश्वासघाताने तो गुलाम होतो. बाणांच्या वर्षावात अवजड पूल खांद्यावर घेऊन धावणाऱ्या टोळीत येऊन पडतो. एका रात्री तो दरीच्या काठाशी उभा राहतो. त्या वेळी त्याला परत आणते ती कुठली दिव्य वाणी नव्हे. सिल नावाची वाऱ्याची चिमुकली सखी त्याच्या हरवलेल्या पानासारखे एक पान, तिच्या अंगाला न पेलणारे, दुरून ओढत आणते. ते हरवल्यापासून हा माणूस अधिकच खिन्न झाला, एवढेच तिने पाहिलेले असते. तो मागे वळतो, आणि बराकीत जाऊन सोबत्यांची नावे विचारतो. जगण्याकडे परतीची वाट इतकी लहान असू शकते, हे ज्याने लिहिले त्याला मी लेखक म्हणून नमस्कार करतो.

कॅलडिनला पुढे अलौकिक सामर्थ्य मिळते. तो आकाशात उडतो, लढाया जिंकतो. तरीही त्या जगातल्या झडीच्या दिवसांत, चार आठवडे पाऊस पडत असताना, त्याचे मन पुन्हा बुडते. २०२० सालच्या ‘रिदम ऑफ वॉर’मध्ये त्याला रणातून निवृत्त व्हावे लागते. तिथे त्याला कळते, की युद्धाने मन मोडलेल्या माणसांना एकेकट्या अंधाऱ्या खोल्यांत ठेवले आहे. तो त्यांना उजेडात आणतो आणि एकमेकांशी बोलू देतो. शस्त्रवैद्याच्या मुलाला त्याचे खरे शस्त्रकर्म इथे सापडते.

मग दोष कुठे? नायिका शलानकडे पाहा. बालपणीच्या भयंकर आठवणी झाकण्यासाठी तिच्या मनाने दोन बाया घडवल्या आहेत: बेधडक व्हेल आणि करारी रेडियंट. कल्पना सुंदर आहे, पण कितीतरी प्रकरणांत हे दुभंगणे हेरगिरीला सोयीचे वेषांतर होऊन बसते. दुखणे कसब झाले, की वाचक त्याची मजा घेऊ लागतो. सँडरसन सावरतो तो एका प्रसंगाने. व्हेलच्या रूपात चोरून वाटलेल्या अन्नापायी एका गरीब मुलाचा जीव जातो, आणि मुखवट्याची किंमत शलानला प्रथमच समजते. पुढे व्हेल तिच्यात विलीन होताना तिने लपवलेली आठवण तिच्या हाती ठेवते. मुखवटा शत्रू नव्हता. ज्या ओझ्याखाली मूल चिरडले असते, ते त्याने तेवढा काळ उचलले होते. हे मला फार खरे वाटते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. २०२४ सालच्या ‘विंड अँड ट्रुथ’मध्ये कॅलडिनवर सेथ ह्या पश्चात्तापदग्ध मारेकऱ्याचे मन सावरण्याचे काम येते, आणि पात्रे आजच्या समुपदेशकाच्या भाषेत बोलू लागतात. सारा खंड दहा दिवसांत घडतो. दहा दिवसांत किल्ला पडेल. मन उभे राहत नाही. हे लेखकालाही कळते, पण कथेची घाई त्याला थांबू देत नाही. पहिल्या खंडातले ते एक पान जे बोलून गेले, ते पाचव्या खंडातील संवादांना साधत नाही. दुखण्याचे नाव अचूक सांगितल्याने दुखणे पानावर उतरत नसते.

मी मनोवैद्य नाही. शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो, एवढाच माझा अधिकार. परंतु एका मुलाने मला सांगितलेले इथे नमूद करावेसे वाटते. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, फारसा न बोलणारा मुलगा. कॅलडिनचे पुस्तक हातात होते. मी विचारले, “काय आवडले रे त्यात?” तो म्हणाला, “सर, तो जिंकतो, पण एकदम बरा नाही होत. आणि तरी त्याला कोणी नापास करत नाही.” त्या दिवशी मला कळले, की ही पुस्तके मुले राक्षसांसाठीच वाचतात असे नाही.

म्हणून टीकाकार ह्या नात्याने मी लेखकांकडे एकच मागतो: नायकाचे दुःख विजयाच्या नगाऱ्यात बुडवू नका, आणि त्याची आरासही मांडू नका. वाचकहो, तुमच्याकडे मागणे निराळे आहे. ह्या सुट्टीत घरातले कोणी जाडजूड पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसले असेल, तर त्याला “काय हे खूळ!” म्हणू नका. शेजारी बसा आणि नायकाचे पुढे काय झाले ते विचारा. कदाचित तो नायकाचेच सांगेल. कदाचित बोलता बोलता स्वतःचेही सांगेल. तेव्हा घाईने उपदेश करू नका. गरज दिसली तर वैद्याकडे जायलाही संकोचू नका. सॅमने फ्रोडोला उपदेश केला नव्हता. डोंगर चढवेना, तेव्हा अंगठीचे ओझे घेता येत नाही हे ओळखून त्याने फ्रोडोलाच पाठीवर घेतले होते.